डबा खाली ठेवणारे हात

हातोडी झोपेत उजवा हात वर उचलते, प्लास्टरसकट. डोक्यावर येणारा घाव अडवायला माणूस उचलतो तसा. मग कण्हते आणि हात उशीवर पडतो. थोड्या वेळाने पुन्हा वर. हाड जुळेल, डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्यात, त्याची मला चिंता नाही. माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळंच आहे. ज्या संध्याकाळी तिला मारलं त्या संध्याकाळी तिने हात वर केलेच नव्हते. तेव्हा करायचं राहिलं ते ती आता रोज झोपेत करते आहे. आणि उद्या सकाळी ती पुन्हा त्याच इमारतीत जाणार आहे, मारणारा मोकळा असताना.

हातोडी हे माझ्या लेकीचं घरचं नाव. माझ्या धाकट्या भावाने ठेवलेलं. चालायला लागली तेव्हापासून ती वस्तू मोडायची, पण आदळआपट करणाऱ्या मुलांसारखी नाही. मोडलेल्या वस्तूचे तुकडे जमवून जमिनीवर मांडायची आणि चीर कुठून सुरू झाली ते शोधत बसायची. साबणाची वडी, पाटी, आरशाचा कोपरा. माझ्या लग्नातली काचेची मोठी बशी फोडली तेव्हा मात्र मी तिच्या पाठीत धपाटा घातला. रडता रडता ती म्हणाली, "आई, हिला आधीच तडा होता. मी फक्त शेवट केला." भाऊ तिथेच बसला होता. त्याला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

तिचे बाबा ती लहान असतानाच गेले. त्यानंतर सायकल शिकवायला, शाळेत भांडायला, तापात उशाशी बसायला हाच मामा होता. माझ्या पाठचा एकुलता एक. चिडका पहिल्यापासूनच. लहानपणी मला कुणी वाकडं बोललं तर हा दगड घेऊन धावायचा आणि नंतर ज्याचं डोकं फोडलं त्यालाच दवाखान्यात घेऊन जायचा. आमची आई म्हणायची, याचा एक हात मारतो आणि दुसरा मलम लावतो, आणि दोन्ही हात एकमेकांना ओळखत नाहीत.

भावाने भट्टी घातली ती एका पत्र्याच्या शेडमध्ये. स्फटिक वाढवायची भट्टी. तिच्यात सिलिकॉन कार्बाइडची भुकटी इतकी तापवतात की तिची वाफ होते, आणि ती वाफ वरच्या थंड टोकाला थरावर थर बसत स्फटिक होते. पोलाद तिथे कधीच पाणी होऊन वाहून गेलं असतं. एवढा ताप सोसायला भट्टीच्या भिंतीतून सतत पाणी खेळवावं लागतं. एकदा ते पाणी आत शिरलं. हातोडी तेव्हा शाळकरी होती, सुट्टीचा दिवस म्हणून मी तिला घेऊन मामाकडे गेले होते. आम्ही फाटकात असतानाच दणका झाला. शेडचा दरवाजा बिजागऱ्यांसकट निघून समोरच्या भिंतीवर आदळला. भट्टीवर काम करणारा माणूस आत होता. भाऊ वाफेत शिरला आणि त्याला बगलेत धरून ओढत बाहेर घेऊन आला. त्या माणसाचा अर्धा चेहरा भाजलेला होता. भावाच्या दोन्ही हातांची कातडी मनगटापासून सुटून लोंबत होती. त्याला जमिनीवर टेकवला, आणि त्याच हातांनी दोन मुस्कटात मारल्या. पाण्याचा काटा बघितला नाहीस म्हणून. मी हातोडीचे डोळे झाकले, पण तिने माझ्या बोटांतून सगळं पाहिलं.

तो माणूस जगला. आजही भावाकडेच आहे, आणि मालकाविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाही.

भट्टीतून पहिला धड स्फटिक निघाला, त्याच्या चकत्या कापून आल्या, तेव्हा भावाने हातोडीला मुद्दाम बोलावून डबा कसा धरायचा ते शिकवलं. या चकत्यांवर पुढे चिप बनतात, आणि त्यांना वेफर म्हणतात. आमच्या शेजारणीने ते ऐकलं तेव्हा विचारलं होतं, तळते कुठे ती? तर त्या चकत्या डब्यात खाचांमध्ये उभ्या ठेवतात, एकीचा दुसरीला स्पर्श नको. डबा तिरका करायचा नाही, गाडीवर ठेवून ढकलायचा नाही, ज्याचं काम त्यानेच दोन्ही हातांनी न्यायचा. ठेवताना आधी जागा पुसायची, कारण खाली वाळूचा कण असला तरी चकतीला धक्का कळतो. मग पुढची कड टेकवायची आणि मागची हळूच सोडायची. पुसणं ही भावाची खास सवय. टेबल असेल तर बाहीने दोनदा, जमीन असेल तर बुटाच्या तळव्याने दोनदा. "आपण पडलो तरी चालेल," तो तिला सांगायचा, "डबा पडता कामा नये."

तिने ते इतकं मनावर घेतलं की घरात दुधाचं पातेलंही तसंच ठेवायची.

पुढे ती पदार्थविज्ञान शिकली आणि सरकारी परीक्षणशाळेत लागली. तिथे तिचं काम चकत्या मोडणं. यंत्रात चकती ठेवायची, वरून बोथट टोक हळूहळू दाबत न्यायचं, किती भाराला फुटली ते नोंदवायचं, आणि तुकडे मांडून चीर कुठून निघाली ते शोधायचं. "आम्ही मोडलं की मार मिळायचा," भाऊ येईल त्याला सांगायचा, "हिला मोडायचा पगार मिळतो." घरी येऊन ती मला सांगायची, साधं सिलिकॉन कसं शिस्तीत, रेघ मारल्यासारखं फुटतं, गॅलियम आर्सेनाइड बिस्किटासारखं ठिसूळ, वर त्यात सोमलाचं विष, म्हणजे तुकडे उचलतानाही जीव मुठीत, आणि सिलिकॉन कार्बाइड सगळ्यांत कडक, फुटायला तयारच होत नाही, पण आत दोष असला तर काही सांगता येत नाही. तो दोष म्हणजे केसाहून बारीक पोकळ नळी, स्फटिकातून आरपार गेलेली. वरून दिसत नाही.

ती नळी काय करते ते तिने मागच्या वर्षी पाहिलं. असल्या एका चकतीवर बनवलेला भाग मोठ्या विजेच्या दाबाखाली तपासत होते. तो उडाला. पेटीचं झाकण फोडून चिनीमातीचा तुकडा तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यात घुसला. हातोडीने तिचं डोकं मांडीवर घेऊन, डोळ्यावर टॉवेल दाबून तिला दवाखान्यात नेलं. डोळा गेला. घरी आली तेव्हा हिचे हात कोपरापर्यंत वाळलेल्या रक्ताने माखलेले होते, आणि मोरीत नळ सोडून ती नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी जाऊन तिने जळालेले तुकडे मांडले. चीर नळीपासूनच निघाली होती. चकती परदेशातून आलेली होती, कुणाची ते तिला आजही माहीत नाही. "हेच उद्या गाडीत उडालं तर?" ती मला म्हणाली. "पुढे ड्रायव्हर, मागे पोरं."

आता देशातला चिप बनवण्याचा पहिला मोठा कारखाना उभा राहायचा आहे, आणि कोणत्या पदार्थाच्या चकत्यांवर सुरुवात करायची ते एक समिती ठरवते आहे. एकदा ठरलं की यंत्रं त्याचीच, माणसं शिकवायची ती त्याचीच. मागे फिरता येत नाही. एक बाजू म्हणते, साध्या सिलिकॉनच्या तयार चकत्या बाहेरून आणा, हात बसू द्या, मग पुढचं. दुसरी बाजू म्हणते, आपल्याकडे सिलिकॉन कार्बाइडचा स्फटिक वाढतो आहे, मग दुसऱ्याच्या दारात कशाला उभं राहायचं? दुसऱ्या बाजूचा सगळा भार माझ्या भावाच्या भट्ट्यांवर आहे. आता त्या एका शेडमध्ये मावत नाहीत. अर्ध्या गावाची चूल त्यांच्यावर चालते.

समितीकडून हातोडीकडे आलेल्या डब्यांवर नाव नव्हतं, फक्त आकडे. पण मधाच्या रंगातली हिरवट झाक बघून तिने मामाच्या चकत्या ओळखल्या. लगेच साहेबांकडे गेली आणि म्हणाली, हे माझ्या घरचं आहे, दुसऱ्याकडे द्या. साहेबांनी एक डबा राखून बाकीच्या चकत्या स्वतः मोडल्या. त्या सगळ्या भलत्याच कमी भाराला फुटल्या. नळ्या होत्या. नियमाप्रमाणे चकत्या पाठवणाऱ्या प्रत्येकाचा शेवटचा डबा समितीसमोर मोडून दाखवायचा होता. तो दिवस ठरला.

त्याच्या आधी एका दुपारी भाऊ घरी आला, हातात डबा घेऊन. स्वयंपाकघरातलं टेबल बाहीने दोनदा पुसून त्याने तो ठेवला. आत बाहेरून मागवलेल्या चकत्या होत्या, चोख. माझ्या डब्याऐवजी हा ठेव, वरचा आकडा तेवढा बदल, असं त्याचं म्हणणं. अजून एक वर्ष मिळालं तर माझ्याही अशाच निघतील, तोपर्यंत भट्ट्या विझू देऊ नकोस, विझली भट्टी परत पेटत नाही. खूप वेळ आर्जवाने बोलला. हातोडीही शांतपणे बोलली. म्हणाली, वर्षाने तुझ्या चकत्या चोख निघाल्या तर मीच नाचत समितीकडे जाईन, पण आज त्या चोख नाहीत. भावाने ओट्यावरचा काचेचा जग उचलून फेकला. तो तिच्या डोक्याच्या वर, भिंतीवर फुटला आणि काचा तिच्या केसांत, मानेवर, गळ्याखाली गेल्या. तिच्या कानामागून रक्ताचा ओघळ आला. मग तोच खाली बसला आणि तिच्या केसांतल्या काचा एकेक करून वेचल्या. रडत होता. जाताना आपला डबा तेवढा न विसरता घेऊन गेला.

त्यानंतर एका रात्री आमच्या खिडकीतून वीट आली आणि साहेबांच्या गाडीच्या काचा फुटल्या. साहेबांची कंबर नेमकी दुसऱ्याच दिवशी धरली आणि ते लांबच्या रजेवर गेले. शेजारीण म्हणाली, कणा नसलेल्या माणसाची कंबर धरते तरी कुठे, हे शिकलेल्या लोकांनाच माहीत. समितीसमोर मोडण्याचं काम हातोडीवर आलं. कोणीतरी सभेत उठून म्हणालंच की ही त्या भट्टीवाल्याची भाची आहे. तिने उत्तर दिलं, म्हणूनच समोर मोडणार आहे, तुम्हीच भार वाचा.

गेल्या आठवड्यात ती तो शेवटचा डबा परीक्षणशाळेतून समोरच्या इमारतीतल्या तिजोरीकडे नेत होती. मधे तळघरातला गाड्या लावायचा भाग लागतो. तिथे हेल्मेट घातलेल्या दोघांनी तिला गाठलं. पहारेकऱ्याने शिट्टी मारली तेव्हा ते पळाले. तो धावत पोचला तेव्हा ती खांबाला टेकून बसलेली होती, डोक्यातून रक्त, बरगड्या मोडलेल्या, उजवं मनगट नको त्या बाजूला वळलेलं. डबा खांबामागे होता. उघडून पाहिला तर एकही चकती तडकलेली नव्हती. सगळे म्हणाले, नशीब. फौजदारीणबाई जबाब घ्यायला आल्या, तेव्हा हातोडीने सांगितलं, ओळखलं नाही. बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आपला नंबर मला दिला. कधीही फोन करा, म्हणाल्या, वेळ बघू नका.

भाऊ दवाखान्यात आला तो मला मिठी मारून हमसून रडला. ते रडणं खोटं नव्हतं, मी त्याला पाळण्यापासून ओळखते. ज्याने हे केलं त्याचे हात तोडीन, म्हणाला. घरून गरम सूप आणलं होतं त्याने. उशाजवळचं छोटं टेबल त्याने बाहीने दोनदा पुसलं आणि थर्मास दोन्ही हातांनी ठेवला, आधी पुढची कड, मग मागची. हातोडी त्याच्याकडे बघत होती. मग तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दुखतंय.

आज दिवेलागणीला भावाचा फोन आला. हातोडी उद्या समितीसमोर जाणार हे त्याला कळलं होतं. "ताई, तिला घरातच ठेव," तो म्हणाला. "मी तुझ्या पाया पडतो. ते लोक परत येतील. या वेळी नुसता हात होता." कोण लोक, असं मी विचारलं, तर म्हणाला, मला काय माहीत, आणि फोन ठेवला.

मी हे हातोडीला सांगितलं नाही. तिच्या डोक्यावरचे टाके चुकवत तिचे केस विंचरत बसले. एका हाताने तिला वेणी घालता येत नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि आपण होऊन बोलायला लागली.

पहिला घाव पाठीत बसला, ती म्हणाली, दुसरा डोक्यात. हातात डबा होता म्हणून हात वर करता आले नाहीत. सोडला असता तर पळता आलं असतं. पण सुटेचना. लोखंडी गज त्या दोघांतल्या दुसऱ्याच्या हातात होता. पहिला पुढे आला.

"त्याने डबा माझ्याकडून घेतला," ती म्हणाली. "ओढला नाही, आई. घेतला. खालून हात घालून, सरळ धरून. क्षणभर आम्ही दोघांनी धरलेला होता."

मी कंगवा थांबवला.

"मग त्याने बुटाने जमीन पुसली. दोनदा. डबा ठेवला. मग त्या दुसऱ्याकडून गज घेतला आणि माझ्या मनगटावर मारला." पुढे म्हणाली, "डबा फोडायलाच आला होता गं. ठेवल्यावर त्याला फोडता आला नाही. विंचर ना."

मी विंचरलं. हात चालत होते एवढंच. मी विचारलं, जबाबात का नाही सांगितलंस? तिने उलट मलाच समजावलं. आज नाव घेतलं तर उद्या समितीच्या दालनात सगळे म्हणणार, मामा-भाचीचं घरचं भांडण आहे, हिच्या आकड्यांना काय अर्थ. मग त्याच चकत्या कारखान्यात जाणार आणि कुठेतरी कुणाच्या तरी डोळ्यात. "दुपारपर्यंत थांब," ती म्हणाली. "उद्या मला चकती मोडायची आहे. मामाला नाही." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुला एकच तर भाऊ आहे."

गोळी घेऊन ती आता झोपली आहे. हात पुन्हा वर गेला होता, मी धरून खाली आणला.

दुपारपर्यंत थांबायचं म्हणजे सकाळी तिला त्याच तळघरातून जाऊ द्यायचं. भावाला फोन करावा असं आधी वाटलं. शिव्या द्याव्यात, आईची आठवण करून द्यावी. तो रडेल. माफी मागेल, पाया पडेल, आणि ते सगळं खरं असेल. त्याच्या रडण्याला मी कधीच खोटं म्हटलं नाही. पण त्या वाफेतल्या माणसाला बाहेर काढलं तेही खरं होतं आणि मुस्कटात मारली तीही खरी. वेचलेल्या काचाही त्यानेच फोडलेल्या होत्या. याचा मलम लावणारा हात कितीही चांगला असला, तरी तो नेहमी दुसरा असतो. उद्या पहिला हात काय करेल ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. या वेळी नुसता हात होता, असं तोच म्हणाला.

आणि हातोडीच्या आकड्यांचं म्हणाल, तर यंत्रात चकती ठेवली की तिला नातं कळत नाही. सगळ्यांसमोर मोडणार आहे ती. भार समितीचा माणूस वाचणार. चीर जिथून निघायची तिथूनच निघेल, मामा दालनात असला काय आणि कोठडीत असला काय. लोक बोलतील, ते तर आजही बोलतात. ती माझ्यावर चिडेल. कदाचित बरेच दिवस बोलणार नाही. चिडायला ती असली पाहिजे.

फौजदारीणबाईंचा नंबर फळीवर, मिठाच्या बरणीखाली ठेवला होता. तो काढून आणला आहे. जबाबात लिहून घ्या म्हणून काय काय सांगायचं ते मनात म्हणून पाहिलं: टेबल असेल तर बाहीने, जमीन असेल तर बुटाने, दोनदा, मग आधी पुढची कड. हे ऐकून बाई म्हणतील, यावरून माणूस कसा ओळखायचा? मी म्हणेन, मी त्याची बहीण आहे. नाव, पत्ता, सगळं सांगते, सकाळी ती घरातून निघायच्या आत त्याला घेऊन जा.

दार ओढून घेतलं आहे, म्हणजे ती जागी होणार नाही. फोन लावते आहे.